तिसरा हिस्सा

वडील म्हणायचे, पेट्रोल ही विचित्र शिदोरी,
वाहून नेता नेता स्वतःलाच खाते.
जास्त घेतलंस तर जास्तीचं ओझं ओढण्यातच
त्यातलं थोडं जातं.
म्हणून हावही नको, पोरी, आणि चिकटपणाही नको.

काटा खोटं बोलतो.
आमच्या फुर्गोनचा काटा मी जन्मल्यापासून अर्ध्यावर आहे.
त्यांनी वाळुंजाची काठी तासली होती,
बोटभर अंतरावर चाकूच्या खाचा.
टाकीत बुडवायची, वर काढून उजेडात धरायची,
ओल उडून जायच्या आत वाचायची.

आता गाडी माझी, काठी माझी.
मी गुरांची डॉक्टर, खरं तर उंटांची.
दालानझादगाद सोडताना मागच्या सीटा काढल्या,
छपरावरचं सगळं खाली घेतलं,
वाऱ्याला अडेल असं डोक्यावर काही नको.
डावी टाकी, उजवी टाकी,
आणि मागे, लशींच्या पेट्यांपासून दूर,
वीस-वीस लिटरचे पाच कॅन, पट्ट्यांनी आवळलेले.
गळ्यापर्यंत भरायचे नाहीत,
दुपारी पेट्रोलही हातपाय पसरतं.

हिशेब वडिलांचाच.
एक हिस्सा जायचा. एक हिस्सा यायचा.
तिसऱ्याला ते नाव देत नसत.
विचारलं तर चहात दूध ओतत म्हणत,
तो तुझा नाही.

मला वाटायचं, वादळाचा असेल, चुकलेल्या वाटेचा,
मऊ वाळूचा, जिथे चाकांतली हवा सोडावी लागते
आणि गाडी दारुड्यासारखी पिते.

परतीच्या पहिल्या दिवशी कोरड्या नदीच्या पात्रात
एक निळा ट्रक, बोनेट उघडं.
सावलीत बाई, दोन मुलं,
आणि पाठीवर गुंडाळून बांधलेलं सगळं घर,
वर छताचं चाक उपडं.
गोंचिगदोर्ज त्याचं नाव. टाकीला तडा गेलेला,
साबण आणि चिंधीने बुजवलेला,
पण सांडलेलं वाळूने केव्हाच पिऊन टाकलं होतं.
तो हवेबद्दल बोलला. कुठल्या कळपाला टोचलंत विचारलं.
धाकटीने माझ्या हातात वाळलेल्या दह्याचा खडा ठेवला.
कोणी काही मागितलं नाही,
म्हणून नाही म्हणायलाही जागा नव्हती.

तीन कॅन.
नळीने ओढताना घोटभर तोंडात आलं.
ती चव दोन दिवस चहाला होती.

रात्री काठी घेऊन बसले.
तिसरा हिस्सा गेला होता,
दुसऱ्यालाही हात लागला होता.

मग पहाटे निघाले, वाळू थंड आणि घट्ट असते तेव्हा,
येतानाच्या माझ्याच चाकोरीत चाकं घालून.
कडक जमीन लागली की हवा पुन्हा भरली,
हातपंपाने, चारही चाकांत, मोजून शिव्या देत.
चाळीसच्या वर गेले नाही.
वारा समोरून आला तेव्हा खडकामागे थांबले,
तोंड मिटून, उंटासारखी.

शेवटच्या चढावर इंजिन खोकलं.
उजवी टाकी लावली. मग डावी. पुन्हा उजवी,
भुकेलं माणूस रिकामा डबा
दोनदा उघडून बघतं तशी.
माथा आला.
पलीकडे उतार, उताराखाली पंपाचं लाल छप्पर
आणि एक झोपलेलं कुत्रं.
गाडी एक शब्द न बोलता खाली गेली.

पंपावरचा मुलगा म्हणाला, किती?
सवयीने काठी बुडवली. नुसता वास वर आला.
सगळ्यात खालच्या खाचेखाली
बोटभर लाकूड मोकळं होतं, निदान मी तसं समजत आले.
अंगठा फिरवला.
तिथेही एक होती,
झिजलेली, दिसत नव्हती, फक्त लागत होती.

पाचही भर, मी मुलाला म्हटलं.
गळ्याखाली थोडी जागा ठेव.